टर्मिनलमध्ये केलेला क्लिक प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतो कसा?

खिडकीबाहेर

बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे, म्हणून धागाच काढतोय. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर काम करू देणारा प्रोग्रॅम) जातो, तिथे विम हा एडिटर उघडतो. विममध्ये माउस चालू केलेला आहे, त्यामुळे एखाद्या ओळीवर क्लिक केलं की कर्सर नेमका तिथे जाऊन बसतो. आता त्या सर्व्हरला ना स्क्रीन आहे, ना माउस, ना कुठली ग्राफिकल यंत्रणा. मग माझ्या टेबलावरचा क्लिक त्याला कळतो कसा? एसएसएचमध्ये माउससाठी वेगळी सोय असेल म्हणून शोधलं, तर तसं काहीच सापडत नाही.

दुसरी गोष्ट. विम उघडं असताना नेटवर्क तुटलं की मी माझ्याच मशीनच्या प्रॉम्प्टवर परत येतो. त्यानंतर खिडकीत कुठेही क्लिक केलं की असलं काहीतरी उमटतं:

०;३५;१२एम०;३५;१२एम

चाक फिरवलं तर ६४ आणि ६५ने सुरू होणारे आकडे धो धो येतात. दरवेळी ती खिडकी बंद करून नवी उघडावी लागते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?

शेलवाला

संबंध थेट आहे. टर्मिनलच्या जगात माउससाठी वेगळी वाट नाही, हे एकदा पटलं की तुमचे दोन्ही प्रश्न सुटतात.

टर्मिनल एम्युलेटर (म्हणजे तुमची ती टर्मिनलची खिडकी) आणि त्यात चालणारा प्रोग्रॅम यांच्यात फक्त दोन प्रवाह असतात. प्रोग्रॅमकडून टर्मिनलकडे बाइट जातात, ते पडद्यावर दिसतात. टर्मिनलकडून प्रोग्रॅमकडे बाइट येतात, ती तुम्ही दाबलेली अक्षरं. क्लिक झाला की टर्मिनल एम्युलेटर त्याचं बाइटांच्या एका छोट्या तुकड्यात रूपांतर करतो आणि तो तुकडा कळफलकाच्याच प्रवाहात सोडतो. एसएसएच बाइट वाहून नेतं, बस्स. त्यातला कुठला बाइट ‘ए’ दाबल्याचा आणि कुठला क्लिकचा, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून माउस नसलेल्या सर्व्हरवरही क्लिक पोहोचतो.

पण टर्मिनल हे आपणहून करत नाही, प्रोग्रॅमला ते मागावं लागतं. खाली ‘एस्क’ म्हणजे २७ क्रमांकाचा एस्केप बाइट असं समजा. विम सुरू होताना टर्मिनलकडे साधारण असं काहीतरी पाठवतं:

एस्क [ ? १००२ एच
एस्क [ ? १००६ एच

शेवटचा एच म्हणजे चालू कर. एचच्या जागी एल असेल तर बंद कर. आता तुम्ही ३५व्या कॉलममध्ये, १२व्या ओळीवर डावं बटण दाबलंत, तर टर्मिनल उलट दिशेने हे पाठवतं:

एस्क [ < ०;३५;१२ मोठा एम

बटण सोडल्यावर पुन्हा तेच, फक्त शेवटी छोटा एम. ० म्हणजे डावं बटण, १ मधलं, २ उजवं. चाक वर फिरवलं की ६४, खाली फिरवलं की ६५. चाकाला वेगळा दर्जा नाही, तीही बटणंच मानली जातात. कॉलम आणि ओळ १पासून मोजतात, वरचा डावा कोपरा म्हणजे १;१.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. माउस चालू करण्याची नोंद सर्व्हरवर नसते, ती तुमच्या टर्मिनल एम्युलेटरमध्ये असते. विम नीट बंद झालं तर जाताना एलवाले कोड पाठवून जातं. नेटवर्क तुटलं तर ते कोड तुमच्यापर्यंत आलेच नाहीत. टर्मिनलच्या दृष्टीने माउस अजून मागितलेलाच आहे, म्हणून ते इमानेइतबारे बातम्या पाठवत राहतं. त्या आता वाचतंय तुमचं बॅश, म्हणजे प्रॉम्प्टवर आज्ञा घेणारं शेल. त्याला त्यातला सुरुवातीचा एस्क [ < ओळखीचा नाही, तेवढं ते गिळून टाकतं आणि उरलेलं तुम्ही टाइप केलं असं समजून छापतं.

खिडकी बंद करायची गरज नाही. त्याच प्रॉम्प्टवर ‘रीसेट’ लिहून एंटर मारा.

अपूर्णविराम

छान समजावलंत. एक शंका. मी पायथनमध्ये लहानसा प्रोग्रॅम लिहिला, त्यात फक्त १००६ चालू केलं. काहीही येत नाही. टर्मिनल चांगलं नवीन आहे.

शेलवाला

कारण १००६ बातमी मागत नाही, बातमी कुठल्या रूपात यावी एवढंच सांगतं. ‘काय कळवायचं’ आणि ‘कसं लिहायचं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे आकडे एकाच यादीत मिसळलेले आहेत, त्यामुळे बहुतेकांचा इथेच घोळ होतो.

काय कळवायचं ते १०००, १००२ आणि १००३ ठरवतात. १००० दिलं तर बटण दाबलं आणि सोडलं, एवढंच कळतं. १००२ दिलं तर बटण दाबून ओढताना पॉइंटर एका घरातून (एका अक्षराच्या जागेतून) दुसऱ्यात गेला की तेही कळतं. १००३ दिलं तर बटणाला हात न लावता नुसता पॉइंटर हलला तरी बातमी येते. हलल्याची बातमी असेल तर बटणाच्या आकड्यात ३२ मिळवलेले असतात, म्हणजे डावं बटण दाबून ओढताना ३२;३६;१२ असं येतं. शिफ्ट दाबलेली असेल तर ४, मेटा ८, कंट्रोल १६. कंट्रोल धरून डावा क्लिक म्हणजे १६.

तुम्ही १००० आणि १००६ दोन्ही चालू करा, लगेच येईल. १००३ खरंच गरज असेल तरच वापरा. मंद जोडणीवर पॉइंटर इकडून तिकडे नेला तरी बाइटांचा पूर येतो.

जुना_कन्सोल

१००६च्या आधी काय होतं तेही इथे यायला हवं, कारण अजूनही कुठे कुठे त्याची गाठ पडते, आणि त्याशिवाय १००६ असं का दिसतं ते कळत नाही.

हा सगळा प्रकार एक्सटर्म या जुन्या टर्मिनल एम्युलेटरमधून आलेला आहे. एक्सटर्म ज्या ग्राफिकल यंत्रणेवर चालतं ते एक्स११ आलं १९८७ मध्ये. त्याआधीच्या एक्स१०च्या काळाशी सुसंगत असा एक मोड एक्सटर्ममध्ये आजही आहे, त्याचा आकडा ९. त्यात फक्त बटण दाबल्याचं कळतं, सोडल्याचं नाही. मग १००० आलं, त्यात सोडल्याचंही कळायला लागलं. पण लिहिण्याची पद्धत दोन्हीकडे तीच: एस्क [ मोठा एम, आणि त्यापुढे बरोबर तीन बाइट. एक बटणाचा, एक कॉलमचा, एक ओळीचा. प्रत्येकात ३२ मिळवलेले.

३२ का? आस्कीमध्ये ३२च्या खालचे सगळे बाइट कंट्रोल कॅरेक्टर आहेत. कॉलम ३ तसाच पाठवला तर तो कंट्रोल-सी होतो, म्हणजे चालू प्रोग्रॅमच मरायचा. ३२ मिळवले की आपण छापता येणाऱ्या अक्षरांत येतो. वरचाच क्लिक घ्या, कॉलम ३५ आणि ओळ १२. बटण ० + ३२ = ३२, म्हणजे स्पेस. ३५ + ३२ = ६७, म्हणजे मोठा सी. १२ + ३२ = ४४, म्हणजे स्वल्पविराम. हातात पडतं ते असं:

एस्क [ मोठा एम, स्पेस, मोठा सी, स्वल्पविराम

आता यातले तोटे बघा. एका बाइटात जास्तीत जास्त २५५ मावतात, त्यातले ३२ गेले, उरले २२३. म्हणजे २२३व्या कॉलमच्या पुढचा क्लिक सांगताच येत नाही. पूर्वी ८० कॉलमच्या पडद्यावर हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. आज रुंद मॉनिटरवर बारीक अक्षर ठेवलं की २२३ सहज ओलांडतात. ‘डावीकडच्या भागात माउस चालतो, उजवीकडे मेलेला’ अशी तक्रार दिसली की आधी इथेच बघायचं.

पण अडचण २२३च्या बरीच आधी सुरू होते. ९५ + ३२ = १२७, म्हणजे डिलीटचा बाइट. ९६पासून पुढे बाइट १२८ किंवा त्याच्या वर जातो, आणि प्रोग्रॅम येणारा मजकूर यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) समजून वाचत असेल तर असा सुटा बाइट त्याला मोडका वाटतो, तो टाकून देतो. शिवाय बटण सोडल्याचा आकडा कुठल्याही बटणाला ३च. डावं आणि उजवं दोन्ही दाबलेली असतील तर कुठलं सुटलं ते कळायला मार्ग नाही.

यावर आधी १००५ आलं. त्याने ९५च्या पुढचे आकडे यूटीएफ-८ पद्धतीने दोन बाइटांत लिहायला सुरुवात केली, त्यामुळे मर्यादा २०१५पर्यंत गेली. पण सुरुवात तीच, एस्क [ मोठा एम, त्यामुळे समोरून आलेला तुकडा जुन्या पद्धतीचा की नव्या, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. मग आरएक्सव्हीटी-युनिकोड या दुसऱ्या टर्मिनलवाल्यांनी १०१५ काढलं. त्यात आकडे सरळ दशमानात लिहिलेले, ही मोठी सुधारणा. पण बटणाच्या आकड्यात ३२ मिळवणं तसंच ठेवलं आणि शेवटी मोठा एम. तो आकार ‘ओळी पुसा’ या दुसऱ्या कोडशी हुबेहूब जुळतो.

१००६ने हे सगळं एकदम साफ केलं. आकडे दशमानात, ३२ची भानगड नाही, सुरुवातीच्या < मुळे दुसऱ्या कशाशी गोंधळ नाही, आणि सोडल्यावर छोटा एम येत असल्याने कुठलं बटण सुटलं तेही कळतं. मला ही टर्मिनलच्या इतिहासातली फार समजूतदार दुरुस्ती वाटते. आज कुणी नवीन प्रोग्रॅम लिहीत असेल तर त्याने १००६ सोडून दुसऱ्या कशाकडे बघूही नये.

रात्रपाळी

मी टर्मिनलमध्ये माउस बंदच ठेवते. सर्व्हरवरचा लॉग निवडून कॉपी करायचा असतो, आणि विम किंवा टीमक्सने (एका टर्मिनलचे अनेक भाग करून देणारा प्रोग्रॅम) माउस घेतला की साधं सिलेक्शन होत नाही. त्यापेक्षा नकोच ते.

शेलवाला

@रात्रपाळी, बंद करायची गरज नाही. शिफ्ट धरून ओढा. एक्सटर्म, जीनोम टर्मिनल, किटी, अलॅक्रिटी यांत शिफ्ट धरली की टर्मिनल तो क्लिक प्रोग्रॅमला न देता स्वतःकडे ठेवतं आणि नेहमीसारखं सिलेक्शन होतं. मॅकवरच्या आयटर्म२मध्ये त्यासाठी ऑप्शन कळ आहे.

रात्रपाळी

शिफ्टचं माहीत आहे. पण टीमक्समध्ये पडदा उभा दोन भागांत वाटलेला असला की शिफ्टने ओढल्यावर दोन्ही भागांतल्या ओळी एकत्र निवडल्या जातात, मधली रेघसुद्धा त्यात येते. मग पेस्ट केल्यावर साफसफाई करत बसा.

जुना_कन्सोल

ते बरोबर आहे, आणि त्यावर शिफ्ट हा उपाय होऊच शकत नाही. तुमच्या टर्मिनलला टीमक्सचे भाग माहीतच नसतात. त्याच्या लेखी सगळा पडदा म्हणजे घरांची एक जाळी, आणि ती उभी रेघ म्हणजे काही घरांत छापलेली अक्षरं.

टीमक्स दोन्ही बाजूंनी बोलतं. बाहेरच्या टर्मिनलसाठी तो एक प्रोग्रॅम आहे, आणि आत चालणाऱ्या विमसाठी तोच टर्मिनल आहे. बाहेरून ‘कॉलम १३०’ असा क्लिक आला की तो आधी ठरवतो हा कुठल्या भागात पडला, मग त्या भागाच्या डाव्या कडेपासून कॉलम नव्याने मोजतो, आणि आतल्या प्रोग्रॅमने माउस मागितला असेल तरच नव्या आकड्यांनी तुकडा तयार करून आत पाठवतो. मागितला नसेल तर क्लिक स्वतः वापरतो. म्हणून टीमक्सचा माउस चालू ठेवून, शिफ्ट न धरता ओढलंत तर सिलेक्शन त्या एका भागापुरतंच राहतं. ते तुमच्या मशीनच्या क्लिपबोर्डवर आणायचं तर टीमक्सच्या ‘सेट-क्लिपबोर्ड’ पर्यायाकडे बघा. तो ओएससी ५२ नावाच्या कोडने मजकूर बाहेरच्या टर्मिनलकडे देतो. टर्मिनलमध्येही त्याला परवानगी लागते.

टीमक्सच्या २.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५पासून, माउससाठी एकच पर्याय आहे. त्याआधीच्या तीनचार वेगवेगळ्या पर्यायांची जुनी कॉन्फिग कुठून उचलली असेल तर ती काढून टाका.

रात्रपाळी

भागापुरतं सिलेक्शन जमलं. क्लिपबोर्डचं आज बघते.

अपूर्णविराम

१००० आणि १००६ दोन्ही चालू केल्यावर प्रोग्रॅमला क्लिक मिळायला लागले. आता नवीन त्रास. माझ्या मशीनवर सगळं ठीक, पण एसएसएचवरून चालवलं की अधूनमधून क्लिकऐवजी एस्केप दाबल्यासारखं होतं आणि पुढचे आकडे मजकुरात घुसतात.

शेलवाला

तुम्ही एकदा रीड केलं की पूर्ण तुकडा मिळेल असं धरून चाललाय का? तशी कुठलीही हमी नाही. नेटवर्कवर एस्क एका खेपेला आणि [ < ०;३५;१२ दुसऱ्या खेपेला येऊ शकतं. उलटही होतं, एकाच रीडमध्ये तीन क्लिक आणि दोन अक्षरं चिकटून येतात. त्यामुळे बाइट बफरमध्ये साठवा आणि एकेक बाइट पुढे सरकणारा पार्सर लिहा. एस्क आला, पुढे [, पुढे <, मग आकडे आणि अर्धविराम, शेवटी मोठा किंवा छोटा एम. मध्येच बाइट संपले तर आहे त्या अवस्थेत थांबा, टाकून देऊ नका.

खरी अडचण फक्त पहिल्या पायरीवर आहे. नुसता एस्क आला, तर माणसाने एस्केप कळ दाबली की पुढे काही येतंय? हे बाइट बघून कळत नाही, थोडं थांबूनच कळतं. एनकर्सेस ही टर्मिनल प्रोग्रॅमसाठीची लायब्ररी यासाठी मुळात १००० मिलिसेकंद थांबतं, ते माणसाला जाणवतं. विममध्ये याला वेगळी सेटिंग आहे आणि विमच्या नेहमीच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये ती १०० मिलिसेकंद आहे. मी ५० ते १०० ठेवतो.

हे नीट न केल्यास काय होतं ते जुन्या पद्धतीत फार वाईट दिसतं. जुना_कन्सोल यांनी वर दिलेला तुकडा पुन्हा बघा. त्यातला मोठा सी आणि स्वल्पविराम विमने कळा समजून वाचले, तर मोठा सी म्हणजे कर्सरपासून ओळीच्या शेवटपर्यंतचं पुसून तिथे लिहायला लागणे. ओळीचा उरलेला भाग जातो आणि त्या जागी स्वल्पविराम बसतो. केवळ क्लिक केल्यामुळे फाइल बदलते.

डबल क्लिकही तुम्हालाच ओळखावा लागेल. टर्मिनल तो कधीच कळवत नाही, दोन साधे क्लिक पाठवतं. त्यांच्यातलं अंतर मोजा आणि दोन्ही एकाच घरात पडलेत का ते बघा.

निळी_चौकट

अपूर्णविराम, प्रोग्रॅम लिहिताय तर आवरतं घेण्याचा भाग सुरुवातीलाच लिहा, शेवटासाठी ठेवू नका. नेहमीच्या मार्गाने बाहेर पडताना एल पाठवणं सगळेच करतात. अपवाद फेकला गेला, टर्मचा सिग्नल आला, हॅंगअप आला, तरी ते झालं पाहिजे. आणि कंट्रोल-झेड बहुतेक जण विसरतात. प्रोग्रॅम थांबवून माणूस शेलवर आला की माउस बंद झालेला हवा, आणि तो ‘एफजी’ करून परत आला की पुन्हा चालू. किल -९ मात्र पकडता येत नाही, तिथे तुमचा नाइलाज आहे.

विंडोजवर चालवणार असाल तर तिथला जुना कन्सोल वेगळ्या रीतीने वागतो. त्यात माउसची घटना बाइट म्हणून येत नाही, कन्सोलच्या एपीआयमधून स्वतंत्र नोंद म्हणून येते. २०१८ मध्ये विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीत कॉनपीटीवाय (कन्सोल प्रोग्रॅम टर्मिनलला जोडून देणारी सोय) आलं, तेव्हापासून तिथेही बाइटांचा रस्ता खुला झाला आणि विंडोज टर्मिनलला १००६ चांगलं कळतं.

मात्रा_वेलांटी

एक प्रश्न राहतोय. मी टर्मिनलमध्ये मराठी मजकूर असलेल्या फाइली बघतो. इंग्रजी ओळीवर क्लिक केलं की कर्सर बरोबर बसतो. मराठी ओळीवर जितकं उजवीकडे जावं तितका तो क्लिकपासून लांब पडतो.

शेलवाला

हा फार चांगला मुद्दा काढलात. टर्मिनल फक्त ‘४०वा कॉलम’ म्हणतं. त्या घरात कुठलं अक्षर आहे हे ते सांगत नाही. ते प्रोग्रॅमला ओळीच्या सुरुवातीपासून प्रत्येक अक्षराची रुंदी मोजत शोधावं लागतं. टर्मिनलने ती ओळ छापताना जी रुंदी धरली तीच प्रोग्रॅमनेही धरली तर क्लिक जुळतो.

देवनागरीत इथेच फाटा फुटतो. उकार, एकाराची मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना युनिकोडमध्ये जागा न घेणारी चिन्हं मानलंय, त्यांची रुंदी शून्य, त्यावर बहुतेकांचं एकमत आहे. काना आणि वेलांट्या वेगळ्या गटात आहेत, त्यांना काही लायब्ऱ्या एक घर देतात, काही शून्य. जोडाक्षरांचं आणखी निराळं. ‘नमस्ते’ घ्या. एकेका कोडबिंदूची (युनिकोडमधल्या सुट्या चिन्हाची) रुंदी मिळवत गेलात तर न, म, स, त अशी चार घरं होतात. पण टर्मिनलने ‘स्ते’ हा एक गट धरून एकाच घरात बसवला तर तीनच. एका शब्दामागे एका घराचा फरक, ओळीच्या शेवटापर्यंत तो साठत जातो. तुमचा कर्सर उजवीकडे जास्त चुकतो तो यामुळेच. काही नव्या टर्मिनलांत २०२७ हा मोड आहे, त्याने दोन्ही बाजूंना गटानुसार मोजायचं ठरवता येतं, पण प्रोग्रॅमनेही ते मानलं पाहिजे.

खात्री करायला एक साधी परीक्षा आहे. मराठी शब्द छापा आणि लगेच एस्क [ ६ एन पाठवा. टर्मिनल कर्सरची ओळ आणि कॉलम परत सांगतं. त्यावरून त्याने त्या शब्दाला किती घरं दिली ते नेमकं कळतं. मग प्रोग्रॅमची मोजणी त्याच्याशी ताडून बघा.

मात्रा_वेलांटी

बघितलं. टर्मिनल ‘नमस्ते’ला तीन घरं देतंय, माझा एडिटर चार मोजतोय.

खिडकीबाहेर

रीसेटने काम होतंय, पण पडदा पुसला जातो आणि आधीचं काही बघायचं असेल तर पंचाईत होते. म्हणून शेलमध्ये एसएसएचभोवती एक छोटं फंक्शन गुंडाळलंय. एसएसएच संपलं, कसंही संपलं, की ते १०००, १००२, १००३ आणि १००६ यांना एल पाठवतं. मुद्दाम नेटवर्क काढून बघितलं, क्लिक केल्यावर प्रॉम्प्टवर आता काहीही उमटत नाही. यात आणखी काही घालावं का?

निळी_चौकट

१००४ घाला. खिडकीवर लक्ष आलं किंवा गेलं हे कळवणारा मोड आहे, नवे एडिटर तो चालू करतात, आणि तो राहून गेला की खिडकी बदलताना प्रॉम्प्टवर आय आणि ओ उमटतात. लपलेला कर्सर परत आणायला एस्क [ ? २५ एच घाला. २००४, म्हणजे पेस्टच्या खुणांचा मोड, नवं बॅश प्रत्येक प्रॉम्प्टला स्वतःच लावतं, त्याला हात नको. विमचा पर्यायी पडदा बंद करणारं १०४९ एल मात्र एसएसएच अयशस्वी ठरून परतलं असेल तेव्हाच पाठवा. मुख्य पडद्यावर असताना ते पाठवलं तर काही टर्मिनलांत कर्सर आधी जपून ठेवलेल्या जागी उडी मारतो आणि प्रॉम्प्ट जुन्या ओळींवर छापला जातो.